थरथर मनातली नव्हती

आचल खारोडे आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायला आली, तेव्हा तिचा डावा पाय गुडघ्याखाली नाही हे मला कितीतरी दिवस कळलंच नव्हतं. सैल सलवार, पायात बूट, जिना चढताना कठड्याला हातसुद्धा लावायची नाही. बडनेरा रोडवरच्या एका शाळेत ती खेळ शिकवते. सकाळी स्कूटी काढून जायची, संध्याकाळी घामाघूम होऊन यायची आणि फाटकातूनच विचारायची, "काकू, चहा मांडला का?"

मला कळलं ते ती पहिल्यांदा गुलमर्गहून परत आली तेव्हा. दुपारी मी अंगणात तूर पाखडत बसले होते. ही पोरगी जिन्यावर बसून, दोन्ही हातांवर अंग तोलत, एकेक पायरी खाली सरकत होती. सलवारीचा डावा पाय रिकामा लोंबत होता. मी सूप खाली ठेवून उठले.

"घाबरू नका काकू," ती म्हणाली. "पाय वर ठेवला हाय. आज घालता येत नाई."

तिनं सलवार वर केली. गुडघ्याखाली वीतभर उरलेला पाय, ती त्याला खुंट म्हणते, टोकाशी सोलून निघाला होता. कडेनं पाण्याचे फोड आले होते.

"पडलीस का गं?"

"पडली असती तं बरं झालं असतं. पडली नाई, उभीच रायली, म्हनून असं झालं."

त्या दिवशी मी तिच्यासाठी वर ताट घेऊन गेले आणि मग तिनं मला सगळं सांगितलं. तेव्हापासून आजपर्यंत जे घडलं त्यातलं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. बाकीचं तिनं आणि तिच्या मैत्रिणीनं, तुबानं, सांगितलेलं आहे.

आचल तेल्हाऱ्याची. तिचे वडील उत्तमराव शेती करतात. ती अकरावीत असताना हिवरखेडच्या रस्त्यावर रेतीच्या टिप्परनं तिची सायकल चिरडली. अकोल्याला नेऊन पाय कापावा लागला. टिप्परवाला दुसऱ्या दिवशी जामिनावर सुटला आणि महिनाभरात त्याच रस्त्यावर पुन्हा टिप्पर चालवू लागला. दवाखान्यात भेटायला आलेल्या बाया खाटेशेजारी बसून तिच्याच देखत तिच्या आईला विचारायच्या, आता पोरीचं कसं व्हईन. जशी काही ती झोपलेली होती. "माह्या रागाची सुरुवात त्या खाटेवर झाली काकू," असं ती सांगते. "पाय गेला त्याचं रडू आलं. पन राग त्या बायांचा आला."

पहिला नकली पाय फुकट शिबिरात मिळाला, जड होता. त्याच्यावरच ती चालायला शिकली, मग पळायला. अमरावतीला खेळाच्या कॉलेजात शिकायला आली. तिथं एका संस्थेनं तिला चांगला पाय दिला, खाली कार्बनचा वाकणारा पंजा आणि वर पोलादी नळी. धावण्यात तिला थोडंफार नाव मिळालं. पुढं नोकरी लागल्यावर एका वर्षी अपंग खेळाडूंसाठी गुलमर्गला बर्फावरच्या खेळांचं शिबिर निघालं आणि राज्यातून जे थोडे जण निवडले त्यात ती होती. बर्फ तिनं तोवर फक्त रसवंतीवर पाहिलेला.

स्नोबोर्ड म्हणजे एकच लांब फळी. दोन्ही पाय आडवे ठेवून तिच्यावर पट्ट्यांनी आवळायचे आणि उतारावरून घसरत यायचं. आचलला तो खेळ पहिल्याच दिवशी आवडला. मी कारण विचारलं तर म्हणाली, "पळताना माहा एक पाय दुसऱ्याची वाट पायते. फळीवर दोघं बांधलेले असतात. कोनी कोनाची वाट पायत नाई."

पण शिबिरात मिळालेला बोर्ड लाकडाच्या फाटकासारखा ताठ होता. पंच्याऐंशी किलोच्या गड्यासाठी बनवलेला. आचल त्याच्या निम्म्याहून थोडी जास्त. वळताना बोर्ड वाकायला पाहिजे, कमानीसारखा बर्फात बसायला पाहिजे. हिच्या वजनाला तो वाकायचाच नाही. सकाळच्या कडक बर्फावर तो धरून न ठेवता थडथडत घसरायचा. धडधाकट माणसाचा घोटा आणि तळवा ती थडथड पिऊन टाकतात. आचलला डावा घोटाच नाही. बोर्डाची प्रत्येक थरथर पोलादी नळीतून सरळ खुंटात जायची. चार उतार झाले की आतला मोजा ओला व्हायचा, आणि तो घामानं नाही.

राज्याच्या संघाचे व्यवस्थापक पुण्याचे गृहस्थ होते. बोलायला अतिशय गोड. आचलनं त्यांना सांगितलं, सर, बोर्ड बदलून द्या, हा लय थरथरते. ते म्हणाले, "अगं, सवय होईल. तुमच्यासारख्यांना असा भास होतो. जो पाय नाही तिथं दुखतं. हे सगळं मनात असतं, आचल."

तिनं मोजा काढून त्यांच्यापुढं धरला. "सर, मनातून रक्त येते का?"

त्यांनी मान फिरवली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं, की उपकरणांविषयी तक्रारी करणाऱ्या खेळाडूंची वृत्ती खेळाडूची नसते. हे ऐकलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याला दोन पाय आहेत तो एका पायवालीला वृत्ती शिकवतो, आणि तिचं पायताण तिला चावतं हे मान्य करायला त्याची जीभ रेटत नाही.

बरी झाल्यावर ती गप्प बसेल असं मला वाटलं होतं. ती अकोल्याच्या एका इंजिनीयरिंग कॉलेजात जाऊन धडकली. प्राचार्यांना म्हणाली, थरथर मोजायचं यंत्र तुमच्याकडं असेल, आणि ती कमी कशी करायची हे कळणारं कोणी असेल, तर मला भेटवून द्या. प्राचार्यांनी चहा पाजला, मन लावून ऐकलं आणि पुढच्या सोमवारी या म्हणाले. सोमवारी ती गेली तर सभागृह मुलांनी भरलेलं, मागं तिचा मोठा फोटो आणि वर 'जिद्दीला सलाम'. कोणीतरी तिच्या खांद्यावर शाल टाकली आणि हातात माइक दिला.

"मी यंत्र मागाले आली होती," आचल माइकवर म्हणाली.

मुलं हसली. त्यांना वाटलं विनोद आहे. प्राचार्य हसत पुढं झाले आणि म्हणाले, मॅडमनी आपल्या संघर्षाविषयी दोन शब्द सांगावेत. तिनं दोन शब्द सांगितले. "माहा संघर्ष तुमच्या लॅबच्या कुलपाशी हाय." आणि खाली उतरली. टाळ्या तरीही पडल्या. लोकांना कौतुक करायची इतकी घाई असते, की ज्याचं कौतुक चाललंय तो काय बोलतोय ते ऐकायला कोणी थांबत नाही.

बाहेर पार्किंगमध्ये एक बाई तिच्यामागं पळत आली. डोक्यावर ओढणी, हातात डबा. तिचं नाव तुबा. त्याच कॉलेजात कंत्राटी शिक्षिका. तिनं एम.टेक.ला थर देऊन बनवलेल्या फळ्यांच्या थरथरीवरच काम केलेलं होतं आणि नंतर त्याविषयी तिला कोणी एक प्रश्नही विचारला नव्हता.

"थरथर कशी हाय?" तिनं धापा टाकत विचारलं. "हळू अन् मोठी, का बारीक अन् जलद?"

आचल सांगते, पाय गेल्यापासून इतका चांगला प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. दोघी तिथंच स्कूटीवर बसून बोलत राहिल्या आणि तुबाचा तास बुडाला.

तुबाचे वडील शफीभाई अकोल्यात दालमिलच्या मशिनी दुरुस्त करतात. मोठं टिनाचं शेड आहे. कॉलेजची लॅब मिळाली नाही ती नाहीच. प्राचार्यांनी तुबाला बोलावून विचारलं, की त्या मुलीला नको त्या नादाला काहून लावता. मग दोघींनी शफीभाईंच्या शेडचा एक कोपरा धरला. मी एकदा त्यांच्यासोबत गेले होते. शफीभाईंनी आधी कुरकुर केली. "अकोल्यात बर्फ कुठं हाय? यहाँ तो मई में लोखंड बी पिघलता." पण मग स्वतःच जुनी चाळणी बाहेर काढली. डाळ चाळायचं हे मशीन मोटर लावली की सारखं थडथड हलतं. तिची जाळी काढून वर बोर्ड आवळला आणि त्याच्यावर आचल आपला पाय बांधून उभी राहिली. मोटरचा वेग कमीजास्त केला की कडक बर्फाची, भुसभुशीत बर्फाची, सगळ्या तऱ्हेची थरथर तिथं तयार व्हायची. आचल डोळे मिटून सांगायची, "हा. हाच. हाच मारते." तुबा मोजणी लिहून घ्यायची.

बोर्ड बनवणं मात्र मोटर चालवण्याइतकं सोपं नव्हतं. परतवाड्याहून बांबू आणला, त्याच्या पट्ट्या तासून एकमेकींना चिकटवल्या. हा झाला बोर्डाचा गाभा. वरखाली काचेच्या धाग्याचं कापड, रेझिनच्या चिकट द्रवात भिजवून. खालचा घसरणारा पत्रा आणि कडेच्या पोलादी धारा इकडं मिळत नाहीत, त्या गुलमर्गच्या एका दुकानदाराकडून मोडका बोर्ड मागवून त्याच्यातून काढल्या. तुबानं मला समजावलं होतं, की गाभ्याची जाडी जराशी कमी केली तरी ताठपणा खूप उतरतो, म्हणून सगळी कला तासण्यात. मधे जाड, टोकांकडं पातळ, आणि आचलचा नकली पाय मागं असतो म्हणून मागची बाजू पुढच्यापेक्षा नरम. घोटा नाही, तर घोट्याचं वाकणं फळीनं करायचं.

पहिली फळी इतकी नरम झाली की चाळणीवर पापडासारखी फडफडली. थांबवल्यावरही कितीतरी वेळ गुणगुणत राहिली. दुसरीला तुबानं वरून रबर चिकटवला, सायकलच्या ट्यूबचा. काही फरक पडला नाही. मग तिच्याच अभ्यासातलं तिला आठवलं आणि ती स्वतःवर चिडली. रबर वर लावून उपयोग नसतो. दोन कडक थरांच्या मधे तो कोंडावा लागतो. फळी वाकली की दोन्ही थर एकमेकांवर सरकू पाहतात, मधला रबर ओढला जातो आणि थरथर त्याच्यातच जिरते. कापसाच्या जिनिंगच्या मशिनीखाली हादरे बसू नयेत म्हणून जो रबर घालतात, तो आणून तिनं पातळ कापला आणि गाभा आणि कापड यांच्यामधे बसवला. तो तीनदा सुटला. चौथ्यांदा खरखरीत घासून, जाळीदार कापड घालून बसवला, तेव्हा टिकला.

त्या फळीवरून दोघींचं मोठं भांडण झालं. तुबा खूश होती, चाळणी कितीही जोरात लावली तरी आचलच्या नळीवर काहीच पोचत नव्हतं. आचल खाली उतरली आणि म्हणाली, "ही नाई चालत."

"काहून? काईच थरथर नाई."

"तेच तं. मले तळवा नाई, तुबा. बर्फ कडक हाय का नरम, फळी धरून हाय का सुटून राहिली, हे मले खुंटातूनच कळते. तू पुरं मारलं तं मी आंधळी होईन."

"मग दुखते म्हनून आली कायले?"

"दुखते ते बारीक. सांगते ते मोठं. बारीक मार, मोठं ठेव."

तुबा दोन दिवस बोलली नाही. पण मग रबर सगळीकडून काढून फक्त मागच्या पायाखाली आणि कडेनं ठेवला. ती फळी आचलनं हातात घेतली, वाकवून पाहिली, चाळणीवर उभी राहिली आणि मोटर बंद झाली तरी उतरली नाही. शफीभाईंनी विचारलं, "क्या हुआ बेटी?" ती म्हणाली, "काई नाई चाचा. बरं वाटून राहिलं."

पुढच्या हिवाळ्यात स्पर्धा होती. दोघीही गुलमर्गला गेल्या, तुबा स्वतःची रजा टाकून. सरावात ती फळी अशी काही चालली, की इतर खेळाडू येऊन हात लावून बघायला लागले. आचलचा मोजा संध्याकाळी कोरडा निघत होता. मग व्यवस्थापक साहेब आले. त्यांनी फळी उलटीपालटी केली आणि विचारलं, "ही कुठल्या कंपनीची?"

"आमचीच हाय सर. अकोल्याची."

साहेब म्हणाले, अनोळखी उपकरण चालणार नाही. या वर्षी हिमवेग कंपनी प्रायोजक आहे, त्यांचे बोर्ड दिलेत, त्याच्यावर उतर. तुबानं नियम विचारला. कुठं लिहिलंय की स्वतःचा बोर्ड चालत नाही? असं कुठं लिहिलेलं नव्हतं. साहेबांनी थोडा विचार केला आणि गोड आवाजात तोड काढली. हिमवेगचं स्टिकर लावा आणि खुशाल उतरा. कुणाचं काही म्हणणं राहणार नाही.

आचल म्हणाली, नाही. तुबा म्हणाली, लाव. "स्टिकरनं फळीचं वाकनं बदलते का? तू उतर. बाकीचं मंग पाहू." फळीचा अर्धा जीव तुबाचा होता. तिच्या हातांवर रेझिननं फोड आले होते ते आचलनं पाहिले होते. तिनं स्टिकर लावलं. 

ती दुसरी आली. पहिली आलेली मुलगी काश्मीरची होती, लहानपणापासून बर्फावर वाढलेली. आचलला तिच्यामागं येण्याचा खेद नव्हता, उलट दोघींची चांगली गट्टी जमली. खरा घाव नंतर बसला. महिन्याभरात हिमवेगची जाहिरात आली. वळणावर झुकलेली आचल, फळीवर मोठं स्टिकर आणि खाली लिहिलेलं, की आमच्या बोर्डातला कंपन शोषणारा थर दिव्यांग खेळाडूंना नवं बळ देतो. तिला विचारलं नव्हतं, कळवलंही नव्हतं. शाळेत सगळ्यांनी अभिनंदन केलं. तेल्हाऱ्याहून उत्तमरावांचा फोन आला, पोरी, तुहा फोटो मोबाइलवर पायला. तिनं फोन ठेवला. आमच्याकडं येऊन स्वयंपाकघरात खाली बसली आणि म्हणाली, "काकू, त्याईनं माहा पाय चोरला."

तिनं साहेबांना फोन केला. ते म्हणाले, तू खेळाडू म्हणून फॉर्मवर संमती दिलेली आहे, आणि यात वाईट काय, प्रसिद्धी मिळतेय ना.

तिथंच कदाचित ते थांबलं असतं. पण उन्हाळा संपता संपता मूर्तिजापूरचा विपुल नावाचा एक माणूस तिला शोधत आमच्या घरी आला. तिशीचा, तहसील कचेरीत नोकरीला. रेल्वे अपघातात एक पाय गेलेला. जाहिरात पाहून त्यानं हौसेनं हिमवेगचा बोर्ड विकत घेतला होता आणि मनालीजवळ जाऊन शिकायला सुरुवात केली होती. कुबड्या टेकत तो आमच्या बैठकीत येऊन बसला. नकली पाय त्यानं घातलाच नव्हता. जखम चिघळून डॉक्टरांना पुन्हा कापावं लागलं होतं, थोडंसंच, पण कापावं लागलं होतं.

तो तक्रार करायला आला नव्हता. हे मला सगळ्यात जास्त लागलं. तो विचारायला आला होता. "ताई, तुमाले इतकं जमते, मले काहून जमत नाई? तिथले सर म्हनले, मनाची तयारी पाहिजे."

आचलनं विचारलं, "माहा फोटो पाहून घेतला का तुमी तो बोर्ड?"

"हो. म्हटलं, आपल्याच इकडची पोरगी हाय."

 मग तिनं त्याला सगळं सांगितलं, स्टिकरसुद्धा. मी चिकटवलं, असं स्पष्ट म्हणाली. विपुलचा चेहरा कसा कसा बदलत गेला ते मी पाहत होते. मला वाटलं तो चिडेल, आणि तो चिडला. "तुमाले मालूम होतं तं सांगाचं होतं," तो म्हणाला. तिनं मान खाली घातली नाही. "होय," म्हणाली. "आता सांगते. तुमचा बोर्ड मले द्या."

आठवड्याच्या आत तो बोर्ड शफीभाईंच्या शेडमध्ये होता. तुबानं मोबाइल स्टँडवर लावून व्हिडिओ सुरू केला. आधी दोन्ही बोर्ड चाळणीवर लावून दाखवले, वर पाण्यानं भरलेला पेला ठेवून. हिमवेगच्या बोर्डावरचं पाणी उडून सांडलं, अकोल्याच्या फळीवरचं नुसतं डुलत राहिलं. मग शफीभाईंनी पट्टा करवत सुरू केली आणि हिमवेगचा बोर्ड मधोमध आडवा कापला. आत पांढरा फोम होता, एकसारख्या जाडीचा. रबराचा मागमूस नव्हता. कंपन शोषणारा थर वरच्या चित्रावर छापलेला होता, तेवढाच. आचलनं कापलेलं तोंड कॅमेऱ्यापुढं धरलं. "फोटोतली फळी ही नाई. फोटोतली फळी आमी इथं, अकोल्याले बनवली. स्टिकर मी लावलं, ते माहं चुकलं. हा बोर्ड घेऊ नका. घेतला असन अन् दुखत असन, तं ते तुमच्या मनात नाई."

शेवटी तिनं विपुलच्या परवानगीनं त्याच्या जखमेचा फोटो दाखवला. त्याचं नाव घेतलं नाही.

व्हिडिओ फिरला. कुठून कुठून फोन आले, पाय नसलेल्या माणसांचे, त्यांच्या आयांचे. काहींना बर्फाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना फक्त विचारायचं होतं, की आमचं दुखणंही खरं असेल का. हिमवेगची वकिली नोटीस आली, कापलेला बोर्ड नकली आहे आणि व्हिडिओ काढून टाका. आचलनं काढला नाही. विपुलकडं खरेदीची पावती होती, ती तुबानं वकिलाला दिली. नोटिशीचं पुढं काही झालं नाही, पण ती मागंही घेतली गेली नाही. कंपनीनं जाहिरातीतून आचलचा फोटो काढला आणि दुसऱ्या कुणाचा तरी लावला. थर अजून तोच, छापील.

आणि आचलला संघातून काढलं. कारण दिलं, शिस्तभंग. साहेबांनी शाळेतल्या मुख्याध्यापकांनाही फोन करून सांगितलं, की मुलगी गुणी आहे पण तापट आहे, सांभाळा. मी आयुष्यात पुष्कळ अन्याय पाहिले आहेत, पण इतक्या गोड आवाजात केलेला हा पहिलाच. ज्यानं खोटा माल विकला त्याचं नाव पुढच्या वर्षीच्याही बॅनरवर आहे. ज्यानं रक्त पाहून मान फिरवली तो अजून व्यवस्थापक आहे. जिनं करवत लावून खरं काय ते दाखवलं, ती शिस्तीत बसत नाही. तिच्या जागी नवी मुलगी घेतली आहे, आणि तिलाही तोच ताठ बोर्ड दिला आहे म्हणे. आचलनं तिचा नंबर मिळवून तिला फोन केला. मुलीनं घाबरून फोन ठेवला.

"तुले वाईट नाई वाटत?" मी एकदा विचारलं.

"वाटते ना. रोज वाटते. पन काकू, माह्या रागाले आता काम हाय."

काम म्हणजे फळ्या. विपुलची जखम भरायला हिवाळा आला. तोवर दोघींनी त्याच्या वजनाची, त्याच्या नव्या खुंटाच्या मापाची फळी बनवली. ते तिघं कुठल्याही संघाशिवाय, साधी तिकिटं काढून गुलमर्गला गेले. शफीभाईंनी पहिल्यांदा बर्फ पाहायचा म्हणून सोबत जायचा हट्ट धरला होता, पण दालमिलचा हंगाम आला आणि ते राहिले. विपुल पहिल्या दिवशी सगळा वेळ पडत होता. दुसऱ्या दिवशी थोडा उभा राहिला. संध्याकाळी तिघांनी खोलीत बसून त्याचा मोजा काढला आणि उजेडात धरून पाहिला. कोरडा होता. तुबानं तो फोटो मला पाठवला. नुसता एक पांढरा मोजा. दुसऱ्या कुणाला दाखवला असता तर त्याला काही कळलं नसतं.

मागच्या रविवारी विपुल पुन्हा आमच्याकडं आला होता, आता दोन्ही पायांवर. आचल आणि तुबा बैठकीत होत्या. आल्या आल्या कुरकुर सुरू, फळी मागून फार नरम झाली, वळणावर शेपूट सुटते, तुम्ही तुमच्या वजनाच्या हिशेबानं बनवता, माणसाचं ऐकत नाही. तुबा म्हणाली, मोजणी बरोबर आहे. विपुल म्हणाला, मोजणी तुमची असेल, पाय माझा आहे. आवाज चढले. मी आतून चहा घेऊन आले तर आचल जमिनीवर बसून त्याची फळी गुडघ्यावर वाकवून बघत होती, कान लावून, आणि त्या दोघांना म्हणत होती, "चूप राहा जरा. बरोबर बोलून राहिला तो. इकडून थोडी जाड पाहिजे."